भीती चाळीस फुटांची, मरण तीन फुटांचं!

हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये बसून ‘अ‍ॅनाकोंडा’ पाहिला नाही, असा इंजिनिअर अजून जन्माला यायचा आहे! सबमिशन डोक्यावर असो, दुसऱ्या दिवशी व्हायवा असो, बाहेर धो धो पाऊस असो... कुणीतरी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडतो, कुणीतरी मेसमधून पोहे पळवून आणतो आणि हिंदीत डब केलेला तो चाळीस फुटी राक्षस भिंतीवर सरसरायला लागतो. मग फर्स्ट इयरवाल्यांच्या किंकाळ्या, सीनियर लोकांच्या शिट्ट्या, आणि मागून एखादा आवाज, “पळ बे, आला तो!”

गेल्या पावसाळ्यात आमच्या विंगने हा सोहळा पुन्हा एकदा साजरा केला. माझी तिसरी की चौथी वेळ. आणि मी आधीच कबूल करतो, मला हा पिक्चर आवडतो. उगाच मोठेपणा कशाला करायचा? १९९७ साली आलेला हा सिनेमा लुईस योसा यांनी दिग्दर्शित केला. जेनिफर लोपेझ, आइस क्यूब आणि साप पकडायच्या वेडाने झपाटलेला जॉन व्हॉईट. गोष्ट काय, तर अ‍ॅमेझॉन नदीत डॉक्युमेंटरी बनवायला गेलेली मंडळी, एक बोट आणि एक न संपणारी भूक. समीक्षकांनी झोडपला, पण लोकांनी डोक्यावर घेतला. पुढे २००४ मध्ये दुसरा भाग आला, त्यात अ‍ॅनाकोंडा थेट बोर्निओच्या जंगलात! आता अ‍ॅनाकोंडा राहतो दक्षिण अमेरिकेत. बोर्निओला तो कोणत्या एस.टी.ने गेला, हे निर्मात्यालाच ठाऊक.

इंजिनिअरिंगच्या डोळ्यांनी पाहिलं तर हा पिक्चर म्हणजे चुकांचा खजिना आहे. एका दृश्यात बोट मागे जाताना दिसते आणि तिच्या मागचा धबधबा चक्क खालून वर वाहतो! रीळ उलटी फिरवली आणि न्यूटनला सुट्टी दिली. दुसऱ्या दृश्यात एक जण धबधब्यावरून उडी मारतो, तर साप त्याला हवेतच झेलतो. साप किंचाळतोसुद्धा, खरं तर सापाला स्वरयंत्राच्या तारा नसतातच. तो फार तर फुत्कारतो. आणि सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरं येतात की, अ‍ॅनाकोंडा चाळीस फुटांपर्यंत वाढतो आणि खाल्लेलं भक्ष्य ओकून टाकतो, का तर पुन्हा मारण्याचा आनंद मिळावा म्हणून! थर्मोडायनॅमिक्सचा एक पेपर दिलेल्या माणसालाही हे पटणार नाही. साप हा थंड रक्ताचा प्राणी, त्याला लागणारी ऊर्जा कमी, एकदा पोटभर गिळलं की तो कित्येक आठवडे निवांत पडून राहतो. भक्ष्य ओकतो ते जिवावर बेतलं तर पळता यावं म्हणून, शौक म्हणून नाही. खरा अ‍ॅनाकोंडा वजनाने जगातला सगळ्यात भारी साप आहे यात वाद नाही, पण शास्त्रज्ञांनी नीट मोजलेले मोठे नमुने साधारण सतरा-अठरा फुटांच्या आसपासचे आहेत. चाळीसचा आकडा सिनेमाचा.

असो. एवढं सगळं माहीत असूनही त्या रात्री आम्ही मनसोक्त ओरडलो. गंमत होती ती तिथपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसच्या मागे, जिथे तांदळाच्या पोत्यांची खोली आहे, तिथे आरडाओरडा झाला. “अ‍ॅनाकोंडा! अ‍ॅनाकोंडा!” आमचे चार-पाच वीर हॉकी स्टिक, झाडू, मच्छरदाणीचा दांडा, जे हाती लागेल ते घेऊन धावले. पाच मिनिटांत काम तमाम. मी पोचलो तेव्हा सहा-सात फुटांचा पिवळसर तपकिरी साप चिखलात पडला होता आणि एक जण त्याला काठीवर धरून फोटो काढून घेत होता. तासाभरात तो फोटो सगळ्यांच्या स्टेटसवर! मेसच्या काकू तेवढ्या हळहळल्या, “अरे बाबूंनो, धामण होती ना ते. कायले मारली? उंदरं खात होती आपली.”

काकू चौथी शिकल्या आहेत. आम्ही सगळे बारावीला नव्वद टक्केवाले!

धामणीला विष नसतं. ती उंदीर खाते, म्हणूनच तांदळाच्या खोलीजवळ होती. ती गेली, आता उंदीर वाढणार, आणि उंदरांच्या वासाने जे दुसरे पाहुणे येतात, नाग असो की घोणस (आपल्याकडे गावात तिला परड म्हणतात), ते धामणीसारखे गरीब नसतात. म्हणजे आम्ही आमचा पगार न घेणारा चौकीदार मारला आणि फोटोला लाइक मिळवले.

सगळे हसत होते. मला हसू आलं नाही. का आलं नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. जुलै महिना, आमच्या गावात रोवणीचे दिवस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, भंडारा जिल्हा म्हणजे धानाचा जिल्हा आणि तलावांचा जिल्हा. जुलैमध्ये बांधीत गुडघाभर चिखल, हातात पऱ्ह्यांची पेंडी आणि वरून पाऊस. मी सुट्टीत घरी गेलो होतो. मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, दिवसभर बांधीत राबून आले, जेवले आणि ओसरीवर जमिनीवरच चटई टाकून झोपले. खाट होती, पण तिच्यावर पोती रचलेली. गरमीत जमीन गार लागते, असं त्यांचं नेहमीचं म्हणणं.

रात्री दोनच्या सुमारास त्यांनी मोठ्या आईला उठवलं. “पोटात लय दुखून राहिलं.” एकदा उलटी झाली. घरातला शिकलेला माणूस कोण? मी! मला उठवण्यात आलं. मी मोबाइलच्या उजेडात त्यांना पाहिलं. ताप नाही. कुठे सूज नाही, जखम नाही. मोठ्या ऐटीत निदान केलं, “अ‍ॅसिडिटी आहे मोठेबाबा. दिवसभर उपाशी राबले, मग एकदम जेवले.” माझ्या बॅगेतली गोळी दिली. मोठ्या आईने ओवा दिला. ते म्हणाले, डोळे जड झाले. मी म्हणालो, झोपू द्या, आराम पडेल.

मी स्वतः जाऊन झोपलो. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला.

चार वाजता मोठ्या आईच्या ओरडण्याने जाग आली. मोठेबाबा बोलत होते, पण आवाज नाकातून येत होता. पाणी पाजलं तर गिळता येईना. डोळे उघडायला सांगितले तर पापण्या वर जाईनात, मान मागे करून फटीतून बघायचा प्रयत्न करत होते. मला वाटलं, पॅरालिसिसचा झटका. शेजारचे एक आजोबा म्हणाले, बाहेरची बाधा आहे, अमक्याला बोलवा. मोठी आई कुणाचंच न ऐकता दोन घरं सोडून राहणाऱ्या आशाताईकडे धावली.

आशाताई आल्या. त्यांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या. “खाली झोपले होते काय? पोटात दुखलं काय?” पापणी बोटाने वर केली, सोडली, ती पडली. लगेच १०८ ला फोन लावला आणि म्हणाल्या, “मण्यार चावला असंन. साप दिसाची वाट नका पाहू.”

पुढचं थोडक्यात सांगतो. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्यांचा श्वास कमी कमी होत गेला, तेव्हा सोबतच्या डॉक्टरांनी रबरी पिशवी दाबून दाबून त्यांच्या छातीत हवा भरली. तालुक्याला प्रतिविषाचं इंजेक्शन सुरू झालं, घशात नळी गेली, तिथून नागपूर. पाच दिवस व्हेंटिलेटर. अकराव्या दिवशी मोठेबाबा घरी आले. आवाज बसलेला, दहा किलो वजन उतरलेलं. तोवर पऱ्हे जरड होऊन गेले होते. त्या साली अर्धी बांधी पडीक राहिली. पण माणूस राहिला.

आणि साप? तो आम्ही शेवटपर्यंत पाहिलाच नाही! चाव्याची खूणसुद्धा कुणाला नीट सापडली नाही. पिक्चरमध्ये राक्षस दर दहा मिनिटांनी पडद्यावर येतो. आमच्या घरच्या गोष्टीत तो एकाही सीनमध्ये आला नाही.

यातली खरी लाज वेगळीच आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. सातवी-आठवीत कधीतरी ‘क्रेट’ या सापाविषयी वाचलं होतं, त्याचं स्पेलिंग मला आजही पाठ आहे, त्याचं विष मज्जासंस्थेवर काम करतं हे उत्तर लिहून मार्कही घेतले होते. पण तो ‘क्रेट’ म्हणजे आमच्या ओसरीवर फिरणारा मण्यार, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. माझं ज्ञान इंग्रजीत पडून राहिलं, आणि आशाताईंचं ज्ञान मराठीत धावत आलं.

नंतर मी या विषयावर वाचायला लागलो. आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यातला एकही पिक्चरमध्ये शोभणारा नाही. मण्यार साधारण तीन फुटांचा, काळा-निळसर, अंगावर पांढरे पट्टे. दिवसा लपून बसतो, रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली किंवा पांघरुणात येतो आणि चावतो. दात इतके बारीक की अनेकदा माणूस जागाही होत नाही. सूज येत नाही. विष हळूहळू मज्जातंतूच्या टोकाशी, जिथून स्नायूला संदेश जातो, तिथे बिघाड करतं. स्नायू शाबूत, मेंदू शाबूत, पण मधली वायरच तुटलेली! आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग बोलणं जातं आणि शेवटी श्वास थांबतो. प्रतिविष रक्तातलं मोकळं विष पकडतं, पण तंतूच्या टोकाचं झालेलं नुकसान ते परत भरून काढत नाही. ते शरीराला स्वतःच दुरुस्त करावं लागतं आणि तोवर मशीनने श्वास द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक तास मोलाचा. मी त्यातले दोन तास एका गोळीवर घालवले.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे पेरणी-रोवणीच्या दिवसांतले, आणि बहुतेक खेड्यातले. सरासरी भारतीयाचा सत्तरीच्या आत सर्पदंशाने मृत्यू होण्याचा धोका सुमारे २५० मध्ये एक आहे, असा त्यांचा हिशेब. अडीचशे म्हणजे किती? रात्रीच्या मेसची रांग डोळ्यांसमोर आणा.

आता अ‍ॅनाकोंडाचा स्कोअर बघा. जंगलातल्या अ‍ॅनाकोंडाने माणूस गिळल्याची खात्रीलायक नोंद सापडत नाही. खोटं कशाला बोला, मोठे साप माणसाला अगदीच काही करत नाहीत असंही नाही. २०१७ मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर एका मोठ्या अजगराने माणूस गिळला होता आणि ती बातमी जगभर गाजली. पण बघा, ती एक बातमी आपल्याला वर्षानुवर्षं आठवते आणि दरवर्षीचे ५८ हजार आठवत नाहीत!

लेख लिहितोय म्हटल्यावर माझा रूममेट म्हणाला, “अबे, पिक्चर आहे तो. एवढं डोकं कायले लावतं? पिक्चर पाहून कोणी साप मारते काय?” प्रश्न बरोबर आहे. लोक सिनेमाच्या आधीही साप मारतच होते. दोष एकट्या सिनेमाचा नाही, हे मलाही मान्य. पण भीतीला एक आकार असतो आणि तो आकार आपण कुठून तरी शिकतो. आपल्या पिढीने तो ‘अ‍ॅनाकोंडा’वरून शिकला. मोठा, लांब, वळवळणारा, डोळे वटारणारा म्हणजे धोका. मग दर पावसाळ्यात मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतो, कधी तो गोसीखुर्दचा असतो, कधी कुठल्या तलावाचा, आणि त्यातला बिचारा अजगर ‘अ‍ॅनाकोंडा’ होतो. अजगराला विष नसतं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे, तरी तो काठीखाली येतो. धामण लांब, म्हणून मरते. आणि ज्या चाव्याला सूज नाही, रक्त नाही, साप दिसला नाही, तो चावा आपल्याला चावाच वाटत नाही. चुकीची भीती दोन्हीकडून मारते, निरुपद्रवी सापाला आणि आपल्या माणसालाही.

राक्षसी सापांचं आकर्षण असेल तर त्यासाठी हॉलिवूडला जायची गरजच नाही. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनासोरचे जीवाश्म सापडतात. तिथल्याच एका प्राचीन सापाला २०११ मध्ये ‘मॅटसोइया पिसदुरेन्सिस’ हे नाव मिळालं. लांबी अंदाजे पाच मीटर! म्हणजे विदर्भाचा स्वतःचा अ‍ॅनाकोंडा, गावाच्या नावासकट. २०२४ मध्ये आय.आय.टी. रुरकीच्या संशोधकांनी कच्छच्या लिग्नाइट खाणीत सापडलेल्या २७ मणक्यांवरून ‘वासुकी इंडिकस’ जगापुढे आणला. वय सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षं, लांबीचा अंदाज ११ ते १५ मीटर. म्हणजे पिक्चरवाल्या सापाच्या तोडीस तोड. हे खरे राक्षस होते, पण ते आले आणि गेले, तेव्हा माणूस नावाचा प्राणी पृथ्वीवर नव्हताच. आपली-त्यांची गाठ कधी पडलीच नाही. आपली गाठ आहे ती तीन फुटांच्या मण्याराशी, आणि ती रोज रात्री पडते.

याच्यावर कोणी पिक्चर काढणार नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात राहून विंचूदंशावर उपचार शोधले, त्यापायी होणारे मृत्यू कितीतरी खाली आणले, सर्पदंशावरही काम केलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्यापैकी किती जणांना ते नाव माहीत आहे? जेनिफर लोपेझ मात्र सगळ्यांना पाठ! जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला ‘दुर्लक्षित’ आजारांच्या यादीत घातलं. दुर्लक्षित, हा शब्दच सगळं सांगून जातो. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलं. आराखडा दिल्लीत होतो, पण पापणी वर करून बघणारा माणूस गावातच लागतो.

म्हणून माझ्या काही साध्या मागण्या आहेत. आदरणीय सरांना आणि रेक्टर साहेबांना विनंती की, हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक पाटी लावावी. सर्वात जवळचं प्रतिविष कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे ते तिच्यावर असावं, १०८ नंबर असावा आणि सर्पमित्राचा नंबर असावा. मेसच्या मागचा विटांचा ढीग आणि खरकटं हटवावं. आणि यंदाच्या एन.एस.एस. शिबिरात आपण त्याच त्या पथनाट्यासोबत घरोघर एक सर्व्हे करावा. किती माणसं जमिनीवर झोपतात? किती घरांत मच्छरदाणी आहे? प्रतिविष किती किलोमीटरवर आहे? आपण इंजिनिअर आहोत, मोजणं हे तर आपलं काम!

आणि मित्रांनो, तुम्हाला सांगायचं ते एवढंच. रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडू नका. गरमी कितीही असो, जमिनीवर झोपू नका आणि झोपलातच तर मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा. साप चावला तर दोरी आवळायची नाही, चीर द्यायची नाही, रक्त चोखायचं नाही, सापामागे धावायचं नाही. चावलेला हातपाय हलवायचा नाही, माणसाला धीर द्यायचा आणि थेट दवाखाना. पावसाळ्यात पहाटे कुणाला विनाकारण पोटात दुखलं आणि पापण्या जड झाल्या, तर माझ्यासारखी गोळी देऊन झोपायला जाऊ नका.

मोठेबाबा आता बरे आहेत. खाटेवरची पोती खाली आली आणि ते खाटेवर गेले. परवा घरी गेलो तेव्हा टी.व्ही.वर नेमका ‘अ‍ॅनाकोंडा’ लागला होता. बसल्या आवाजात ते म्हणाले, “एवढा मोठा साप! येताना दिसते तरी बाबू. पळता तरी येते.”

मी टी.व्ही. बंद केला नाही. आम्ही दोघांनी पूर्ण पाहिला. मग उठलो आणि त्यांची मच्छरदाणी नीट खोचून दिली.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल